रक्त थांबलं म्हणून चवथीपर्यंत थांबू नका

प्रश्न : यजमान 63 वर्षांचे, खाणीवर ट्रक चालवायचे. विडी अजून सुटलेली नाही. पंधरा दिवसांपूर्वी एकदाच लघवी आगळासारखी लाल झाली, दुखलं काहीच नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टर डाय देऊन सीटी करायला सांगतात. दोन वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी सीटी झालाच आहे. पुन्हा कशाला? चवथ झाल्यावर केला तर चालेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, चवथीपर्यंत थांबू नका. या वयात, विडी ओढणाऱ्या माणसाला न दुखता रक्त गेलं, तर ते एकदाच गेलं म्हणून मला धीर येत नाही. मूत्राशयातली गाठ अशीच वागते. एकदा रक्त जातं, मग कितीतरी दिवस काहीच नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली होती. त्यात वाया गेलेले महिने मी सीटीच्या खोलीत बसून पाहिलेत.

सोनोग्राफीत मूत्रवाहिनीचा, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीचा, मधला भाग आतड्यातल्या वायूमुळे झाकला जातो. जुना सीटी साधा, डाय न देता केलेला होता. खडा शोधायला तोच उत्तम. एक्स-रेत न दिसणारा युरिक ॲसिडचा खडाही त्यात पांढरा उठून दिसतो. पण लघवी आणि मूत्रवाहिनीतली मऊ गाठ त्यात जवळजवळ सारखीच करडी. आता डाय शिरेतून गेला की दीडेक मिनिटात मूत्रपिंड उजळतं, त्यातली गाठ तेव्हा कळते. मग यजमानांना आठ-दहा मिनिटं थांबवतील. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. तेवढ्यात डाय लघवीत उतरतो आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची वाट पांढरीशुभ्र होते. त्या पांढऱ्या रेघेच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी काळी खाच दिसली, तरी माझा माऊसवरचा हात थांबतो.

डाय जाताना अंग गरम होतं, लघवी सुटल्यासारखं वाटतं; सुटत नाही. मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आधी तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, दमा, पूर्वीची डायची ॲलर्जी असेल तर सांगून ठेवा. रेडिएशन साध्या सीटीपेक्षा जास्त, हे खरं. माझ्या घरचं माणूस असतं तरी मी हाच सीटी करून घेतला असता.

सीटी स्वच्छ आला तरी मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी करायचीच, कारण आतल्या थराला चिकटलेली चपटी गाठ सीटीत निसटू शकते. जुन्या सीटीची सीडी मात्र सोबत न्या, खडा तिथेच आहे की सरकलाय तेही कळेल.