टर्बो बदलायची घाई करू नका

प्रतापनगरच्या एका वाचकाने वर्धा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून साडेअकरा लाखांना टर्बो-पेट्रोल सेडान घेतली. तीन आठवड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला. 2000 आरपीएमच्या खाली गाडीत जीवच राहिला नाही; सदरचा उड्डाणपूल चढतानाही गिअर उतरवावा लागतो. मेकॅनिक टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा भाग) बदलू म्हणतो. डीलर म्हणतो, ‘जशी आहे तशी’ घेतली, खाली सही तुमचीच आहे. पैसे परत मिळतील का, असं ते विचारतात.

मिळू शकतात. पण मेकॅनिकला आजच थांबवा. जुना टर्बो भंगारात गेला की तुमचा पुरावाही गेला.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गाडी ताब्यात आली 61,400 किलोमीटरला. 62,050 ला गाडीचा कॉम्प्युटर स्कॅन केला, तेव्हा ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ 655 दिसलं. म्हणजे तुमच्या हाती किल्ली येण्याच्या पाच किलोमीटर आधी एरर कोड, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी, पुसले गेले. करार कायद्याच्या कलम 17 नुसार नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक नसते, पण माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं ही फसवणूकच. गप्प राहणारा विक्रेता ‘तुम्ही तपासून घ्यायचं होतं’ म्हणू शकतो. झाकणाऱ्याला कलम 19 तो बचाव देत नाही. अशा वेळी ‘जशी आहे तशी’वरची सहीही त्याला फारशी वाचवत नाही.

बॅटरी काढली म्हणून आकडा शून्यावर आला, असं डीलर नक्की म्हणेल. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल घ्या: चासी नंबर, किलोमीटर, तारीख, कोड, चालत्या गाडीत अपेक्षित बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) किती आणि प्रत्यक्ष किती, पाइपांची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं), सिलिंडरचं कॉम्प्रेशन, आणि ईसीयूतलं (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं) सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे का. बिघाड फाटलेल्या बूस्ट पाइपचा निघाला तर दुरुस्तीचा खर्च मागा, साडेअकरा लाखांसाठी भांडू नका. वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) बंद होत नसेल, व्हॉल्व्हवर कार्बन साचला असेल, तर मागणी खर्चाच्या अंदाजावर ठरवू. टर्बोच गेलेला असेल किंवा कुणी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून (रीमॅप करून) ठेवलं असेल, तर मात्र पूर्ण रक्कम मागा.

पावती कुणाच्या नावाची आहे, तेही बघा. आधीच्या मालकाची असेल तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे उत्तर येईल, आणि खासगी मालकाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. दिवाणी दावा लावावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून अशा डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याची प्रत डीलरला पाठवायच्या नोटिशीतच मागा.

डीलरची पावती असेल तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुमच्या रकमेला फी 400 रुपये. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडून ते दाखल करू.

तोवर गाडी कमीत कमी चालवा. जितके किलोमीटर वाढतील, तितकी ‘नंतर बिघडली’ म्हणायला डीलरला जागा मिळेल.