वचन मिळालंय, मग हातात आलेली नोकरी सोडायची का?

मावशी, सलाम. माझे मिस्टर अंबडच्या एका कंपनीत 11 वर्षं फिटर होते. मागच्या जूनमध्ये त्यांना कमी केलं. त्यानंतर बाहेरगावच्या एका प्रचारकांनी सभेत त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधलं यिर्मया 29:11, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन वाचलं आणि म्हणाले, ‘वर्षाच्या आत याहून मोठी जागा मिळेल.’ तेव्हापासून उपास-प्रार्थना चालू आहे, अर्ज मात्र एकही नाही. आता पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कोल्ड स्टोअरेजची मशिनरी सांभाळायचं काम चालून आलंय, पण पगार निम्मा. ‘हे घेतलं तर वचनावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल,’ असं ते म्हणतात, सासूबाईही. मी डबे करून घर चालवते, मुलीची फी थकली आहे. सकाळी कंपनीची बस जायच्या वेळी हे गॅलरीचं दार लावून घेतात. त्यांना कामाला जा म्हटलं तर मी अविश्वासी ठरते का?
— शरणपूर, नाशिक

मुली, सलाम.

नाही. तू अविश्वासी ठरत नाहीस.

तुझ्या मिस्टरांना मिळालेलं वचन खरं आहे, त्याला मी बोट लावणार नाही. पण ते वचन एका पत्रातलं आहे. यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून ते पत्र बाबेलला पाठवलं, घरदार सुटून परक्या मुलखात नेलेल्या लोकांना. कामावरून काढलेल्या माणसाचं दुःख त्या लोकांना नक्की कळलं असतं. आणि त्याच पत्रात, अकराव्या वचनाच्या आधी पाचवं वचन आहे: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा. सहाव्यात लग्नं करा, लेकरं होऊ द्या. सातव्यात, ज्या शहरात नेलं त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्यात मुदत आहे, 70 वर्षं! एवढं सगळं सांगून झाल्यावर मग हिताच्या संकल्पांची गोष्ट येते. देवाने आशा दिली ती कुदळ हातात देऊन.

त्याच्या आधीचा, 28वा अध्याय आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. ऐकायला किती गोड! यिर्मया त्याला आधी ‘आमेन, परमेश्वर असंच करो’ म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. पण ती मुदत देवाने दिलेली नव्हती. तुमच्या त्या प्रचारकांचं मन मी जाणत नाही, पण ‘वर्षाच्या आत’ हे शब्द यिर्मयाच्या पत्रात नाहीत. ते त्यांनी जोडले.

माझ्या मामांची निफाडकडे द्राक्षबाग होती. एप्रिलची खरड छाटणी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. हिरवागार मांडव दोन दिवसांत बोडका झाला, तारांवर नुसते ओलांडे, वेलीचे आडवे हात, उरले. मी रडले. मामांनी पुढे नव्या काडीवरचा एक डोळा दाखवला, तांदळाएवढा, आणि म्हणाले, यंदाचा घड यातच धरतोय. दिसत नव्हतं काहीच. तरी मामा भर उन्हाळ्यात पहाटे उठून पाणी देत, विरळणी करत, फवारत. ऑक्टोबरची छाटणी झाली, डोळे फुटले, आणि माल खुडायला जानेवारी उजाडला. इतके महिने एक मणीही हातात नसताना केलेलं ते काम, मला विचारशील तर, तोच त्यांचा विश्वास होता.

आता मिस्टरांबद्दल. बसच्या वेळी दार लावून घेतात, हे तू पत्रात जाता जाता लिहिलंस. मी तिथेच थांबले गं. 11 वर्षं ज्या बसने गेले ती खालून जाताना ऐकवत नसेल. मला वाटतं, वचनाच्या आड लाजही बसली आहे. म्हणून ‘काम करत नाही त्याने खाऊही नये’ हे प्रेषित पौलाचं वाक्य त्यांच्या अंगावर फेकू नकोस. सासूबाईंसमोर तर मुळीच नको. सांगायचंच तर हे सांग, की पौल स्वतः करिंथात तंबू शिवत होता आणि त्याने सुवार्तेचं काही अडलं नाही.

रात्री मुलगी झोपल्यावर दोघं शेजारी बसा आणि 28, 29 हे दोन्ही अध्याय मोठ्याने वाचा. वाचायला त्यांनाच सांग. मग एवढंच विचार: पिंपळगावला गेलात तर मोठी जागा द्यायला देवाला अडचण येईल का? हंगाम संपेपर्यंत करून पाहा म्हणावं. प्रार्थना सोडायची नाही, रविवारची उपासना सोडायची नाही, अर्जही टाकायचे. आणि तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलाव. त्यांचं नेहमीचं येणंजाणं आहे, त्यांच्यासमोर मोकळं बोलता येईल. झोप, जेवण बिघडलं असेल, उपासाने अंग खंगत असेल, तर डॉक्टरांकडेही ने. त्याने देवाचा अपमान होत नाही.

तू राहतेस ते शरणपूर मिशनऱ्यांनी वसवलं, तेव्हा गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेची लेकरं तिथे आसऱ्याला आली होती. त्यांना प्रार्थना शिकवली आणि सुतारकाम-लोहारकामही शिकवलं. त्याच मातीत एका फिटरने हातात पाना धरायला कमीपणा का मानावा?

फीचं म्हणशील तर उद्याच शाळेत जाऊन हप्ते मागून घे, लाजू नकोस. घरात काही सोनं उरलं असेल आणि कुणी ते ‘विश्वासाचं बी’ म्हणून, म्हणजे देव दुप्पट-तिप्पट परत देईल असं सांगून दान मागितलं, तर देऊ नकोस.

पॅकहाउसवाले हंगामाच्या तोंडावर फार दिवस थांबायचे नाहीत, तेव्हा हे बोलणं या आठवड्यातच होऊ दे. आणि मला पुन्हा लिहिशील तेव्हा बसच्या वेळी गॅलरीचं दार उघडं असतं का, तेवढं आठवणीने कळव.

तुझी मावशी