उंचीवरच्या कामाची देखरेख प्रथमच स्वीकारताना

हार्नेस, म्हणजे पडणाऱ्याला दोराने अडवणारा अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज, हा शेवटचा उपाय समजावा. त्याआधी स्लॅबच्या कडेला भक्कम कठडा हवा आणि डक्टच्या (पाइप-वायरींसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या पोकळीच्या) तोंडावर पक्के ठोकलेले झाकण हवे, कारण नुसते ठेवलेले प्लायवुड कोणीतरी उचलतो आणि त्याखालच्या पोकळीत स्वतःच पडतो.

हार्नेसचे गणित मात्र सावकाश समजून घ्या. कामगाराने हार्नेसला जोडलेल्या 1.8 मीटर दोराचा हूक पायाजवळ अडकवला असेल, तर पाठीवरची कडी सुमारे दीड मीटर उंचीवर असल्याने दोर ताणला जाईपर्यंत तो 3.3 मीटर कोसळलेला असतो. पुढे धक्का शोषणारी पट्टी उसवत मीटरभर लांबते, म्हणजे 3 मीटर उंचीच्या स्लॅबवरून पडलेला माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आदळतो. (हे मला मुरलेल्या मुकादमांनाही कागदावर मांडून दाखवावे लागले आहे.) म्हणून हूक डोक्याच्या वर, ताकद तपासलेल्या आधारालाच अडकवण्याचा आग्रह धरा.

हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून तो काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे त्याला कोणी आणि कसे उतरवायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवा.