चित्तप्रसाद व्हायचंय, पण पोटाचं काय?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, वहीत पाण्याचा टँकर नि रेशनची रांग काढते आणि बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांची दुष्काळाची चित्रं पाहिल्यापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. तुम्ही विचारता, यात पोट भरतं का?

चित्तप्रसाद यांच्यापुरतं उत्तर आहे, जेमतेम. हे तिलाही कळू द्या. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यातल्या गावांतून हिंडले, भुकेल्या माणसांशी बोलले, त्यांना कागदावर उतरवलं आणि सोबतचा मजकूरही स्वतः लिहिला. त्याची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली, तर इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रांसाठी व्यंगचित्रं, पोस्टरं केली. पक्षापासून दुरावल्यावर अंधेरीत राहून लिनोकट (लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेली चित्रं) कोरत राहिले. राबणाऱ्या मुलांवरची त्यांची मालिका तिला जरूर दाखवा. पैशाची ओढाताण मात्र सुटली नाही. जातीची खूण नको म्हणून भट्टाचार्य हे आडनाव टाकणाऱ्या माणसानं बाजाराशी जुळवून घेणं कठीणच होतं म्हणा!

आर. के. लक्ष्मण यांचं उदाहरण कुणीतरी देईलच. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयानं त्यांना प्रवेश नाकारला, तरी टाइम्समध्ये त्यांनी अनेक दशकं व्यंगचित्रं काढली. पण तशा पगारी जागा आता फार थोड्या. त्या भरवशावर राहू नका.

माझ्या मते तिनं उपयोजित कलेत बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, करावी. चार वर्षांचा अभ्यासक्रम, बारावी कुठल्याही शाखेची चालते, म्हणून सायन्स अर्धवट सोडायचं कारण नाही. राज्याच्या सीईटी सेलची बीएफएसाठीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेसाठी वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव आत्तापासून हवा. पुढे पुस्तकांची चित्रं, जाहिरात, पॅकेजिंग, ॲनिमेशन यांतून घर चालतं. सामाजिक व्यंगचित्रं त्या कमाईच्या जोरावर काढावीत, निदान सुरुवातीची काही वर्षं.

तुम्ही पाठवलेली दोन्ही चित्रं पाहिली. रेशनच्या रांगेतला मापाडी झकास जमलाय. टँकरपाशी मात्र सगळ्या बायकांचा चेहरा एकच आहे. कॉलेजात हात सुधारेल, पण हे तिथे कुणी शिकवणार नाही. तिला टँकर येतो तेव्हा वही घेऊन तिथे पाठवा. आधी बोलू दे, मग काढू दे. परीक्षेच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बघत राहा.