हरणाची कापणी, सुगी की शिकार?

प्रश्न अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून आला आहे. नोव्हेंबरात तिथला हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की कार्यालयातले सहकारी आपण मारलेल्या हरणांची छायाचित्रे एकमेकांना दाखवतात आणि त्यांविषयी बोलताना, विशेषतः परक्या माणसापुढे, ‘मारले’ असे न म्हणता ‘हार्वेस्ट केले’ असे म्हणतात. मराठी मंडळाच्या अंकासाठी या हंगामावर लेख लिहिणाऱ्या भगिनींनी विचारले आहे की या ‘हार्वेस्ट’ला मराठीत काय म्हणावे: कापणी, सुगी, उत्पन्न, की सरळ शिकार? त्यांचा जोडप्रश्न असा की ‘शिकार शेअर करणे’ हे कसे लिहावे.

माझे मत प्रथम सांगतो. लेखात ‘शिकार’ हाच शब्द ठेवावा, क्रियापद ‘मारणे’ किंवा ‘पाडणे’ वापरावे, आणि जिथे तो इंग्रजी शब्दच चर्चेचा विषय असेल तिथे ‘हार्वेस्ट’ देवनागरीत तसाच लिहावा. ‘कापणी’ तर मुळीच नको, कारण ‘हरणाची कापणी’ म्हटल्यावर मराठी वाचकाला शेत दिसत नाही, खाटकाचा सुरा दिसतो.

‘हार्वेस्ट’ला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही, हे शेतीशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक असते. आपल्याकडे पीक बदलले की क्रिया बदलते आणि शब्दही बदलतो. भाताची कापणी होते, उसाची तोडणी होते, कापसाची वेचणी होते, कांद्याची काढणी होते, झाडावरचे आंबे उतरवतात आणि नारळ पाडतात. हातात विळा आहे की कोयता, माणूस वाकतो की झाडावर चढतो, हे त्या शब्दातच असते. ‘सुगी’ हा त्यातल्या त्यात व्यापक शब्द, पण तो काळाचे आणि भरभराटीचे नाव आहे. एखाद्या दाण्याला किंवा कणसाला आपण सुगी म्हणत नाही, मग एखाद्या हरणाला कसे म्हणणार? उलट इंग्रजी शब्दाला हत्याराची आठवण राहिलेली नाही. म्हणूनच तो गव्हालाही चालतो, सागवानालाही चालतो आणि हरणालाही चालतो.

हरणापर्यंत तो पोहोचला कसा, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनाचे शास्त्र उभे करणाऱ्यांत आल्डो लिओपोल्ड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचे शिक्षण वनशास्त्राचे होते. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी या शास्त्राची व्याख्या करताना, जमिनीतून शिकारीच्या प्राण्यांचे दरवर्षी टिकून राहणारे पीक काढण्याची कला, अशा अर्थाचे शब्द योजले, आणि त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचे प्राध्यापक झाले. वनाधिकारी जसा जंगल न संपवता त्यातून दरवर्षी ठरावीक लाकूड काढतो, तसाच ठरावीक संख्येने प्राणी काढावेत आणि कळप टिकवावा, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना देणारा कायदा झाला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर हा कर आज ११ टक्के आहे. शिकाऱ्याच्या पैशातून प्राण्यांची निगा आणि निगेतून पुन्हा शिकार, अशी साखळी बसल्यावर सरकारी अहवालांत पिकाची भाषा रुळणे स्वाभाविक होते. शिकाऱ्यांच्या तोंडी ती तिथूनच अधिक आली. त्यांच्यातही सगळ्यांना ती आवडते असे नाही. ‘मी हरीण मारले, मका कापला नाही’ अशा अर्थाचे बोलणारे जुने शिकारी तिकडे आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे भाषेच्या दृष्टीने अधिक स्वच्छ वाटते.

आता ‘शिकार’ या शब्दाकडे येऊ. तो फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की खंडोबाच्या लोकगीतांत देवही शिकारीलाच निघतो. पेशवाईत पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी ‘शिकारखाना’ होता आणि तो म्हणजे हत्यारांचे कोठार नव्हे, तर हौसेने पाळलेल्या वन्य प्राण्यांचा संग्रह होता. या शब्दाची खरी ताकद अशी की तो क्रियेचेही नाव आहे आणि क्रियेच्या फळाचेही. ‘शिकारीला गेले’ यात क्रिया आहे, तर ‘शिकार खांद्यावर घेऊन आले’ यात मेलेला प्राणी आहे. म्हणजे इंग्रजी ‘हार्वेस्ट’ जे दुहेरी काम करते, ते ‘शिकार’ आधीपासून करत आली आहे. ‘यंदाची माझी शिकार’ या तीन शब्दांत छायाचित्राखालची ओळ पूर्ण होते.

षष्ठी विभक्तीपुढे मात्र थोडे जपावे लागते. ‘वाघाची शिकार’ म्हणजे वाघाला मारणे की वाघाने मारलेले जनावर, हे संदर्भावाचून कळत नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडून शिकार करीत असत. तिथल्या संदर्भात ‘चित्त्याची शिकार’ म्हटले तर चित्त्याला मारणे, चित्त्याने मारलेले काळवीट आणि चित्ता हाताशी धरून केलेली शिकार, असे तीन अर्थ संभवतात. अशा ठिकाणी ‘वाघाने केलेली शिकार’ किंवा ‘चित्त्यांकरवी केलेली शिकार’ असे फोडून लिहिणे बरे. हरणाच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण हरीण कोणाचीच शिकार करत नाही.

‘शिकार’च्या शेजारी ‘सावज’ आहे आणि या दोघांत मराठीने छान फरक ठेवला आहे. जिवंत असते, माग काढला जात असतो, टप्प्यात येते किंवा निसटते, तोवर ते सावज. पडले की ती शिकार. त्यामुळे ‘माझ्या सावजाचा फोटो’ असे मेलेल्या हरणाच्या छायाचित्राखाली लिहिणे कानाला खटकेल. ‘पारध’ हा शब्दही सुंदर आहे, पण तो जुन्या वाङ्मयात किंवा कुत्री घेऊन जमावाने केलेल्या शिकारीच्या संदर्भात अधिक शोभतो. शिवाय ‘पारधी’ हे एका जमातीचे नाव आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्यानुसार ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो १९५२ मध्ये पुसला गेला, अशा जमातींत पारधीही होते. विस्कॉन्सिनच्या नारिंगी जाकिटातल्या हौशी शिकाऱ्याला गंमत म्हणून ‘पारधी’ म्हणू नये.

क्रियापदासाठी शिकाऱ्यांच्या बोलीतले ‘पाडणे’ मला सर्वांत योग्य वाटते. ‘सांबर पाडले’, ‘डुक्कर पडले’, ‘एका बारात पाडले’ अशीच त्यांची बोलण्याची रीत होती. या शब्दात क्रूरपणा मिरवलेला नाही आणि मृत्यू लपवलेलाही नाही. मोठ्या प्राण्यासाठी त्यांचा शब्द ‘जनावर’. ‘मोठं जनावर आहे’ एवढे म्हटले की हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकलायला, निघालेल्यांना काय समजायचे ते समजे. इंग्रजीत ज्याला ‘बिग गेम’ म्हणतात त्याला ‘मोठी जनावरे’ किंवा ‘मोठी शिकार’ हे घरचे शब्द आहेत. इथेच एक खड्डा दाखवून ठेवतो. ‘गेम बर्ड’चे भाषांतर काही जण ‘शिकारी पक्षी’ असे करतात. मराठीत शिकारी पक्षी म्हणजे ससाणा, गरुड, घार. ज्यांची शिकार होते ते तितर, लावे हे ‘शिकारीचे पक्षी’. एका प्रत्ययाने मारणारा आणि मरणारा यांची अदलाबदल होते.

आपल्या कायद्यांची भाषा या चर्चेत आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची व्याख्या आहे, आणि जंगलात सापडलेले किंवा जंगलातून आणलेले लाकूड, मध, मेण यांच्याबरोबर वन्य प्राणी, त्यांची कातडी, शिंगे आणि हाडेही त्या व्याख्येत बसवली आहेत. म्हणजे प्राण्याला जंगलाचे उत्पन्न समजण्याची दृष्टी आपल्या कायद्यालाही परकी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मात्र शिकारीची व्याख्या इतकी रुंद केली की मारणे, विष घालणे, सापळा लावणे, हाकारणे यांच्यासह रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी नासवणे हीसुद्धा शिकारच ठरते. या दोन कायद्यांमधल्या पंचेचाळीस वर्षांत हा मराठी शब्द हौसेच्या दालनातून गुन्ह्याच्या कलमात जाऊन बसला. प्रश्नकर्त्या भगिनींना ‘शिकार’ लिहिताना जो संकोच वाटतो आहे त्याचे कारण माझ्या मते इथे आहे. भारतात आज हा शब्द बातमीत येतो तो बहुधा अटक आणि जप्ती यांच्या संगतीने. यावर उपाय म्हणून सौम्य शब्द शोधू नये. लेखात एकदाच स्पष्ट सांगावे की तिथे परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात केलेली शिकार कायदेशीर आहे. बंदुकीच्या शिकारीचा तो प्रसिद्ध हंगाम नऊ दिवसांचा असतो आणि थँक्सगिव्हिंग या तिकडच्या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, पाडलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, हा तपशील दिला की ‘शिकार’ शब्दाला चिकटलेली चोरटेपणाची छटा आपोआप गळून पडते.

आकडेवारीसाठी ‘हार्वेस्ट रिपोर्ट’ आला तर ‘नोंदलेली शिकार’ लिहावे. ‘हरीण उत्पादन’ नको. मासळीच्या बाबतीत आपण ‘सागरी मत्स्योत्पादन’ हा शब्द निमूटपणे स्वीकारला आहे, जणू समुद्रात मासे कोणी पेरले होते. तो आता रुळला आहे, त्याची री ओढण्याचे कारण नाही. बोटीवरचा माणूस तरी अजून ‘मासळी बरी लागली’ असेच म्हणतो.

प्रत्येक भाषेतले शिकारी मृत्यूचा शब्द थोडा बाजूला सारतात, हे खरे. फ्रेंच शिकारी आणि अधिकारी एखाद्या साठ्यातून थोडे काढून घेतल्यासारखे क्रियापद वापरतात. जर्मन शिकाऱ्यांनी तर आपली वेगळी भाषाच बनवली आहे. तिच्यात प्राण्याच्या रक्ताला ‘घाम’ आणि हरणाच्या डोळ्यांना ‘दिवे’ म्हणतात. तिथे हाक्यानंतर पाडलेली जनावरे फांद्यांवर ओळीने मांडून त्यांना मान देण्यासाठी शिंग वाजवण्याची प्रथा आहे. विस्कॉन्सिनच्या छायाचित्रांतही अशी मांडणी असते. शिकारी हरणाच्या मागे गुडघे टेकून बसतो, दोन्ही हातांनी शिंगे धरून डोके कॅमेऱ्याकडे वळवतो, आणि त्याआधी हरणाची लोंबणारी जीभ तोंडात सारलेली असते, नाका-तोंडाचे रक्त पुसलेले असते. ‘हार्वेस्ट’ हा शब्दही असाच पुसून घेतलेला आहे, असे मला वाटते. लेखात हे दृश्य जसे आहे तसे आले, तर शब्दाचा वेगळा खुलासा करावा लागणार नाही.

शिंगांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सहकारी ‘दहा पॉइंटचा बक’ म्हणतील, तेव्हा ‘दहा गुणांचा’ असे भाषांतर करू नये, ‘दहा टोकांचा नर’ लिहावे. शिंगांच्या टोकांवरून प्राणी मोजण्याची तऱ्हा आपल्यालाही परिचित आहे. मध्य भारतातल्या बारशिंग्याचे नाव त्यावरूनच पडले. गुणांची मोजणी वेगळी असते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची पद्धत त्यासाठी वापरतात आणि तिच्यात शिंगे ६० दिवस वाळवून मग इंचांत मापतात. जागेवर पोट फाडून हरीण साफ करण्याला ‘आतडी काढणे’ पुरे. ‘कोथळा काढणे’ अर्थाने अगदी अचूक आहे, परंतु मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हरणाऐवजी अफझलखान उभा राहील.

राहिला ‘शेअर’. मराठीत ‘शिकार वाटली’ म्हणजे मटणाचे वाटे घातले. कोकणात पूर्वी डुक्कर पडले की बार टाकणारा, हाकेकरी, ज्याची कुत्री होती तो, अशा सगळ्यांचे वाटे पानांवर पडत. तेव्हा छायाचित्रासाठी ‘शिकार दाखवली’ लिहावे, आणि सहकाऱ्याने हरणाचे सॉसेज डब्यातून आणून दिले असेल तर ‘शिकारीतला वाटा दिला’ असे लिहावे. ‘शिकार शेअर केली’ असे लिहिले तर फोटो मिळाला की मटण, हे वाचकाला विचारावे लागेल.