सोसायटीच्या गणपतीत ‘साराभाई’सारख्या भांडखोर कुटुंबाचं प्रहसन बसवतोय (ठाणे). सतत टोमणे असूनही ते कुटुंब आवडतं कसं?

कारण टोमणा खाणारं माणूस त्या घरात कधी एकटं पडत नाही. एवढं सांभाळा आणि मग भांडणं हवी तेवढी रंगवा. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही हिंदी विनोदी मालिका स्टार वन वाहिनीवर जेमतेम 2004 ते 2006 चालली, पण ठाण्यात हौशी एकांकिका बसवताना मी तिचे भाग कलाकारांना आवर्जून दाखवते. सासू माया (रत्ना पाठक शाह) सून मोनिशाला ‘मिडल क्लास’ म्हणून हिणवते, तेव्हा सासरा इंद्रवदन (सतीश शाह) सुनेची बाजू घेतो. आणि मोनिशाला मायासारखं व्हायचंच नसतं! तिची काटकसर ती अभिमानाने चालू ठेवते, म्हणून आपल्याला तिची कीव येत नाही. मायाचा अपमानही गोड, नीटस शब्दांतला असतो. तुमच्या सासूला ओरडू देऊ नका, हशा तिथेच मरतो. दोघींच्या कात्रीत सापडलेला मायाचा मुलगा आणि मोनिशाचा नवरा साहिल, म्हणजे आपला सुमीत राघवन, तसं एक शहाणं पात्रही हवंच.

फक्त एक लक्षात ठेवा: साराभाईंचं घर दक्षिण मुंबईतल्या कफ परेडचं, गर्भश्रीमंत. मंडपात भाडेकरूही बसलेले असतात, त्यांना पैशावरचे टोमणे खरोखर लागतील. त्यापेक्षा जुन्या ठाण्यातल्या नौपाड्यात जन्म गेलेली सासू आणि नव्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमधली सून घ्या. फिरायला तलावाकाठची तलावपाळी की मॉल, यावर त्या दोघी अर्धा तास सहज भांडतील.