गोळी वरूनच येत नाहीये म्हणतात, ते खरं का?

प्रश्न: मोठ्या भावाला खूप वर्षांपासून लिथियम ३०० (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू आहे, त्यावर तो एकदम व्यवस्थित असतो. हल्ली नाशिकला सिडकोतला आमचा मेडिकलवाला म्हणतो माल वरूनच येत नाहीये, पंचवटीतही तेच, गोळे कॉलनीत होलसेलला विचारलं तर एकजण दुसऱ्या कंपनीची एसआर (हळूहळू विरघळणारी गोळी) देत होता पण घ्यायची हिंमत झाली नाही. हे लोक मुद्दाम दाबून ठेवतात का हो?
— एक वाचक, सिडको

उत्तर: घेतली नाहीत हे उत्तम केलंत, त्याचं पुढे सांगतो. साठेबाजी कुठेच होत नाही असं नाही, पण एवढी स्वस्त गोळी दाबून दुकानदाराला सुटणार किती? खरी गोची त्या स्वस्तपणातच आहे. अशा गरजेच्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, आणि ते हवंच, नाहीतर आपली लूट झाली असती, पण कच्चा माल महागला (त्यातला बराचसा चीनमधून येतो, डॉलर वाढला की तो आणखी महाग), दर तिथेच राहिला, की कंपन्या हळूहळू हात काढून घेतात, मग बनवणारे एकदोनच उरतात आणि त्यातल्या एकाचं काही अडलं की सगळीकडे बोंब. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) ८ औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यात तुमची लिथियम ३०० पण होती, दम्याचं सालब्युटामोल आणि काचबिंदूचे पिलोकार्पिनचे थेंबसुद्धा. नियमाने अशा औषधाचं उत्पादन बंद करायचं तर कंपनीने निदान ६ महिने आधी कळवायला लागतं, पण बंद न करता नुसतं कमी केलं तर आपल्याला कळणार कसं.

आता भावाचं. साधी आणि एसआर एकच समजू नका, ब्रँड बदलला तरी रक्तातली लेव्हल वरखाली होऊ शकते आणि लिथियममध्ये कमी नि जास्त यातलं अंतर फार थोडं असतं. तेव्हा बदल डॉक्टरांना विचारूनच, नंतर ते सांगतील तेव्हा लेव्हल तपासा, रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं. आणि प्लीज गोळ्या पुरवून पुरवून खायला देऊ नका, अचानक बंद तर नाहीच नाही. स्ट्रिप संपायच्या आतच डॉक्टरांना फोन करा, कंपनीचे एमआर (औषध कंपनीचे प्रतिनिधी) त्यांच्याकडे येत असतात, कुठल्या स्टॉकिस्टकडे माल आहे ते त्यांना पटकन कळतं. शिवाय एनपीपीएच्या १८०० १११ २५५ या फुकट नंबरवर औषध मिळत नसल्याची तक्रार घेतात, गोळीचं नाव, पॉवर आणि कुठे कुठे विचारलं ते सांगा.